बोगदे, मोऱ्या आणि गटारवाहिन्यांत रोबोट कसा चालवावा

बंदिस्त जागेत रोबोट पाठवायचा असेल, तर आखणीची सुरुवात परतीच्या वाटेपासून करावी. आत जाणे बहुधा जमते, कारण तेव्हा बॅटरी भरलेली असते, केबल मोकळी असते आणि चालकाचे लक्ष ताजे असते. खरी अडचण येते ती वळायला जागा नसताना, चिखलाने भरलेल्या ट्रॅकने (रणगाड्यासारख्या फिरत्या पट्ट्यांनी), स्वतःच्याच केबलवरून मागे यावे लागते तेव्हा. म्हणून या लेखात आत कसे जावे यापेक्षा बाहेर कसे यावे यावर जास्त भर दिला आहे.

नागपूर आणि परिसरात अशा जागांची वानवा नाही. नाग आणि पिवळी नदीला मिळणारे झाकलेले नाले आहेत, शहरभर पसरलेल्या गटारवाहिन्या आहेत, रेल्वेमार्गांखालच्या जुन्या मोऱ्या आहेत. जरा बाहेर पडले की सावनेर पट्ट्यातल्या कोळशाच्या भूमिगत खाणी आणि गुमगाव, चिखला येथल्या मँगनीजच्या खाणी आहेत. या प्रत्येक जागेचे धोके वेगळे आहेत, पण एक नियम सगळीकडे सारखाच लागू होतो: रोबोट आत अडकला, तर त्याला सोडवण्यासाठी माणूस आत उतरवायचा नाही. रोबोट आणला तोच मुळी माणूस आत जाऊ नये म्हणून. मॅनहोलमध्ये गुदमरलेल्याला वर काढायला उतरलेला दुसरा माणूसही दगावतो, हे आपल्या देशात वारंवार घडले आहे, आणि महागडे यंत्र आत अडकले की तोच मोह वेगळ्या रूपाने समोर येतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या सफाईसाठी उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तेव्हा रोबोट आतच सोडून द्यावा लागला तरी चालेल, हे काम सुरू होण्याआधी त्याच्या मालकाकडून स्पष्ट वदवून घ्यावे. ऐनवेळी तो निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

आधी हवा तपासा, मग यंत्र सुरू करा

साधा रोबोट म्हणजे ठिणगीचा संभाव्य स्रोत असतो. ब्रश असलेल्या मोटारी, रिले, सैल झालेला कनेक्टर, दगडावर घासणारा लोखंडी भाग यांपैकी कशानेही ज्वलनशील वायू पेटू शकतो. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असले की स्फोट होऊ शकतो. 15 टक्क्यांच्या वर गेले म्हणून जागा सुरक्षित झाली असे मानू नये. झाकण उघडताच बाहेरची हवा आत मिसळते आणि तेच मिश्रण पुन्हा स्फोटक टप्प्यात येते.

म्हणून रोबोट बंद ठेवूनच, मॅनहोलच्या तोंडाशी उभे राहून, नळी जोडलेल्या वायुमापकाने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन पातळ्यांवर हवा तपासावी. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी साचतो, तर हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने तळाशी बसतो. नळी लांब असेल, तर वायू मापकापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक पातळीवर आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल, तर तो मिथेन कमी दाखवतो. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचावा आणि मगच मिथेनचा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल, तर ती जागा माणसासाठी धोकादायक समजावी आणि तोंडाशी उभ्या असलेल्यांनीही वाकून आत डोकावू नये.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. झाकण उघडल्यावर हवा बरी दाखवली, म्हणून काम सुरू होते. मग रोबोटचे ट्रॅक तळाचा गाळ ढवळतात आणि त्या गाळात अडकून राहिलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर सावध होता येते, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असा घातक समज होतो. त्यामुळे वायुमापक रोबोटवर एक आणि तोंडाशी एक असे दोन हवेत, ते काम संपेपर्यंत सुरू हवेत, आणि माणसांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे.

कोळशाच्या खाणीत मात्र साधा रोबोट नेऊच नये. तिथे ज्वालारोधक (आतला स्फोट बाहेर न पसरू देणारी) किंवा अंगभूत सुरक्षित (वायू पेटवू न शकणाऱ्या कमी ऊर्जेवर चालणारी) प्रकारचीच, खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता असलेली उपकरणे चालतात, आणि मिथेन 1.25 टक्क्यांच्या वर गेला की विद्युतपुरवठा बंद करावा लागतो. कोणता रोबोट कुठवर न्यायचा, हे खाणीच्या व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीने ठरते. कामठी किंवा सावनेरच्या खाणीत ओळखीने एखादा प्रयोग करून पाहू, असा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की असे करू नये.

केबल की रेडिओ

या प्रश्नावर माझे मत ठाम आहे: वाहिनी अरुंद असेल, तर केबल वापरावी. कारण भौतिकशास्त्रातच आहे. धातूच्या गोल नळीतून ठराविक वारंवारतेच्या खालच्या लहरी पुढे जातच नाहीत. एक मीटर व्यासाच्या नळीसाठी ही मर्यादा साधारण 176 मेगाहर्ट्झ आहे, तर 300 मिलिमीटरच्या नळीसाठी ती साधारण 586 मेगाहर्ट्झपर्यंत चढते. म्हणजे 433 मेगाहर्ट्झवर चालणारा, उघड्या मैदानात कितीतरी दूर पोचणारा रिमोट अशा बारीक लोखंडी नळीत काही पावलांवरच मुका होतो. काँक्रीटच्या पाइपात भिंती लहरी शोषून घेतात, त्यामुळे तिथे वरच्या वारंवारतांचाही ऱ्हास होतो. याउलट खाणीतल्या किंवा रस्त्याच्या रुंद, सरळ बोगद्यात 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल अपेक्षेपेक्षा बराच लांब जातो, मात्र पहिल्याच काटकोनी वळणावर तो कोसळतो. त्यामुळे मैदानात मोजलेला पल्ला बोगद्यासाठी गृहीत धरू नये.

रेडिओच वापरायचा असेल, तर मध्ये रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन तो पुढे पाठवणारे छोटे रेडिओ, ठेवत जावे. अमेरिकेच्या डार्पा या संस्थेने भूमिगत जागांसाठी रोबोटची स्पर्धा घेतली होती. 2021 साली लुइव्हिल येथे तिची अंतिम फेरी झाली. तिच्यातल्या चमूंनी रोबोटच्या पाठीवरून वाटेत छोटे रेडिओ टाकत जाण्याची पद्धत वापरली. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक पथ्य पाळावे लागते. सिग्नल क्षीण झाल्यावर नव्हे, तर तो चांगला असतानाच रिपीटर ठेवावा, आणि वळणाच्या अलीकडे ठेवण्याऐवजी दोन्ही बाजू दिसतील अशा नेमक्या कोपऱ्यावर ठेवावा. अँटेना जमिनीलगत न ठेवता बोगद्याच्या छेदाच्या मध्याजवळ येईल अशी उंच करावी. एवढ्यानेही फरक पडतो.

संपर्क तुटल्यावर रोबोटने काय करावे, हे निघण्यापूर्वीच ठरवून त्याच्या प्रणालीत भरावे. जीपीएसच्या भरवशावर घरी परतण्याची सोय बंद करावी, कारण जमिनीखाली जीपीएस मिळत नाही. रेडिओवर चालणाऱ्या रोबोटने थोडा वेळ थांबावे आणि संपर्क आला नाही, तर आलेल्या मार्गानेच मागे यावे, हे योग्य. केबल जोडलेल्या रोबोटने मात्र फक्त थांबावे. तो आपणहून मागे येऊ लागला आणि तोंडाशी केबल ओढून घेणाऱ्याला ते कळले नाही, तर केबल ट्रॅकखाली जाते.

केबलचे गणित

केबल सुरक्षित असली, तरी तिचे स्वतःचे ओझे असते आणि ते वळणांवर फार वेगाने वाढते. खुंट्याला दाव्याचे दोन-तीन वेढे दिले की बैलाची ओढही एका हाताने धरता येते. केबल जेव्हा मोरीच्या कोपऱ्याला घासत वळते, तेव्हा तोच नियम आपल्याविरुद्ध काम करतो. घर्षणांक 0.4 धरला, तर एका काटकोनी वळणाने ओढ जवळजवळ 1.9 पट होते, दोन वळणांनी साडेतीन पट आणि चार वळणांनी बारा पट. वळणे किती लांबवर आहेत याने हा गुणक बदलत नाही. ती एकूण किती अंशांची आहेत यानेच तो ठरतो. म्हणून नकाशा पाहताना मीटर मोजण्याआधी वळणे मोजावीत.

यातून दोन निर्णय निघतात. पहिला रिळाविषयी. रीळ बाहेर ठेवले, तर रोबोटला सगळी केबल फरफटत न्यावी लागते. रीळ रोबोटवर असेल, तर केबल नुसती मागे पसरत जाते आणि वळणांवर ओढ बसत नाही. वळणे दोनपेक्षा जास्त असतील, तर दुसरा मार्ग बरा. मात्र परतताना जमिनीवर पसरलेली केबल रिळावर नीट गुंडाळली गेली पाहिजे, नाही तर तीच सापळा ठरते. जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा केंद्रात क्विन्स नावाच्या रोबोटला ऑक्टोबर 2011 मध्ये इमारतीतच सोडून द्यावे लागले. त्याची मोटार निकामी झाली नव्हती; परतीच्या वाटेवर केबल निकामी झाली आणि संपर्क गेला.

दुसरा निर्णय सुटकेच्या दोरीविषयी. बारीक ऑप्टिकल फायबरने रोबोट ओढता येत नाही. ती तुटेल आणि संपर्कही जाईल. वेगळी, न ताणणारी दोरी रोबोटच्या मागच्या बाजूला, शक्य तितकी खाली, फिरत्या कडीत बांधावी. मग हिशेब करावा. बंद पडलेला रोबोट सपाट जमिनीवर फरफटवायला समजा 15 किलोची ओढ लागते. दोन काटकोनी वळणांपलीकडून तोच ओढायला साधारण 53 किलोची ओढ लागेल, चार वळणांपलीकडून 180 किलोच्या पुढे. तुमची दोरी, कडी आणि रोबोटचा सांगाडा हे झेलू शकतात का? झेलू शकत नसतील, तर त्या वळणापलीकडे जायचेच नाही, ही मर्यादा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी.

शक्य असेल तिथे उताराच्या खालच्या टोकाकडून शिरावे आणि चढत आत जावे. वाहत्या पाण्याला तोंड द्यावे लागते हे खरे, पण बंद पडलेला रोबोट उताराने खाली ओढणे कितीतरी सोपे असते. बॅटरीचाही हिशेब यातच येतो. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव ठेवावी, आणि परतीला चढ असेल, तर जाण्याचा वाटा आणखी कमी करावा.

चालवताना

चालक आणि केबल सांभाळणारा ही दोन माणसे किमान हवीत. तिसऱ्याने वायुमापक, घड्याळ आणि नोंदवही सांभाळावी. अमेरिकेतल्या रोबोटशास्त्रज्ञ रॉबिन मर्फी 2001 पासून, म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यापासून, बचावकार्यात रोबोट वापरत आल्या आहेत. पडद्यावर दिसते त्याचा अर्थ लावायला चालकाशेजारी दुसरी जोडी डोळे हवेत, यावर त्यांचा भर राहिला आहे. हा आग्रह पटण्यासाठी एकदा पडदा पाहणे पुरेसे आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत दिसते तेवढेच जग असते. बाजूचा दगड, मागची केबल, डोक्यावर लोंबणारी सळई चालकाला दिसत नाही. मागे पाहणारा कॅमेरा नसेल, तर वळायला जागा नसलेल्या पाइपात रोबोट नेऊ नये.

गोल पाइपातला सर्वांत मोठा धोका पडद्यावर सहजी दिसत नाही. रोबोट किंचित तिरका झाला की त्याचा एक ट्रॅक भिंतीवर चढू लागतो. कॅमेरा रोबोटवरच बसवलेला असल्याने तोही त्याच्याबरोबर कलतो, त्यामुळे चौकटीत पाइप सरळच वाटतो आणि चालक पुढे जात राहतो. अशा वेळी तळाच्या पाण्याची रेघ पाहावी. पाणी नेहमी सपाटच राहते. चौकटीत ती रेघ तिरकी दिसू लागली आणि एका बाजूला सरकली, याचा अर्थ रोबोट भिंतीवर चढला आहे. पाणी नसेल, तर पडद्यावर कलाचा आकडा दाखवणारी सोय सुरू ठेवावी आणि 15 अंशांवर थांबावे. थांबल्यावर घाईने जोरात वळवू नये. थोडे मागे यावे, आणि रोबोट स्वतःच्या वजनाने तळाशी बसला की मग दिशा सुधारावी.

चित्र उशिरा पोचत असेल, तर सलग चालवू नये. थोडे सरकावे, थांबावे, चित्र जुळू द्यावे आणि मग पुढे जावे. चित्राचा दर्जा कमी करून ते अखंड ठेवणे हे सुंदर पण अडखळणाऱ्या चित्रापेक्षा केव्हाही बरे. दिवे कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी असतील, तर धुळीचे कण आणि धुके पांढऱ्या पडद्यासारखे चमकतात, म्हणून ते बाजूला, खाली आणि जरा तिरके बसवावेत. कोळशाच्या भिंती प्रकाश गिळतात. तिथे दिव्यांची ताकद वाढवावी लागते आणि लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्रालाही कमी परतावा मिळतो.

आपण किती आत आहोत, हे ठरवताना केबलवरच्या मीटरच्या खुणांवर सर्वांत जास्त विश्वास ठेवावा. चिखलात ट्रॅक जागच्या जागी फिरतात आणि यंत्र त्यालाही अंतर समजते. सळया आणि लोहखनिजाजवळ होकायंत्र भरकटते. लांबच लांब एकसारख्या बोगद्यात लेझरचा नकाशाही पुढे-मागे घसरतो, कारण भिंतीवर वेगळे ओळखण्याजोगे काहीच नसते.

नागपूरचे ऊन, काळी माती आणि मांजा

मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटऱ्या 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून चार्जिंग पहाटे उरकावे आणि बॅटऱ्या सावलीत ठेवाव्यात. गाडीच्या वातानुकूलित थंडाव्यातून रोबोट थेट दमट नाल्यात उतरवला, तर थंड काचेवर लगेच बाष्प धरते आणि कॅमेरा आंधळा होतो. काम सुरू करण्याआधी रोबोट तोंडाशी सावलीत ठेवून त्याला तिथल्या तापमानावर येऊ द्यावे.

पावसाळ्यात आभाळ स्वच्छ असले, तरी वरच्या बाजूला पाऊस पडला आहे का, याची चौकशी केल्याशिवाय नाल्यात काही उतरवू नये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाहता पाहता पाणी शिरले. अशा लोंढ्यापुढे रोबोटही टिकत नाही आणि तोंडाशी उभी असलेली माणसेही. पाण्याविरुद्ध रोबोट किती बंदिस्त आहे, हे कागदावरच्या दर्जावरून न मानता टाकीत बुडवून तपासावे. न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर कोळसा खाणीत नोव्हेंबर 2010 मध्ये स्फोट होऊन 29 जण मृत्युमुखी पडले. तेव्हा आत पाठवलेला लष्कराचा रोबोट पाणी शिरून वाटेतच बंद पडला होता.

आपली काळी माती ओली झाली की ट्रॅकच्या खाचा पूर्ण भरून टाकते आणि ट्रॅक गुळगुळीत पट्ट्यासारखा होतो. खोल आणि विरळ खाचांचा ट्रॅक घ्यावा, आणि पकड सुटू लागताच जोर वाढवण्याऐवजी थांबावे. जागच्या जागी फिरणारा ट्रॅक स्वतःचाच खड्डा खणतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यांत नाल्यांत नायलॉन मांजा मोठ्या प्रमाणात असतो. तो दात्यांच्या चाकावर गुंडाळला जातो, चाक आणि सांगाडा यांच्या फटीत शिरतो आणि घर्षणाने वितळून तिथे घट्ट बसतो. मोटार नेहमीपेक्षा जास्त करंट घेऊ लागली, तर हेच कारण समजून परत फिरावे. बाहेर आल्यावर मांजा ओढून काढू नये, कारण तो सील कापतो. ट्रॅक हाताने उलट फिरवून, वाकड्या टोकाच्या कात्रीने एकेक वेढा कापावा, आणि हातात जाड मोजे असावेत.

सराव आणि नोंद

सरावासाठी खरा नाला लागत नाही. रिकाम्या प्लॉटवर चार-पाच ह्यूम पाइप (काँक्रीटचे मोठे पाइप) काटकोनात मांडावेत, वर ताडपत्री टाकून अंधार करावा, आत ओली काळी माती आणि विटांचे तुकडे पसरावेत. चालकाने पाइपाकडे पाठ करून फक्त पडद्यावर पाहून रोबोट आत न्यावा आणि उलटा बाहेर आणावा. यानंतर रोबोट आत मुद्दाम बंद करून दोरीने ओढून काढण्याचा सराव करावा आणि ओढ काट्यावर मोजावी. वरच्या गणितातला तुमचा खरा घर्षणांक तिथेच कळतो. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी नागपुरातच असल्याने बंदिस्त जागेतल्या बचावाचे शिक्षण घेतलेली माणसे इथे शोधणे कठीण नाही; तुमची कार्यपद्धती त्यांच्यापैकी कोणाला तरी आधी दाखवून घ्यावी.

कधीकधी रोबोट पाठवण्याची गरजच नसते. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात अडकलेल्या 41 कामगारांचे पहिले दृश्य दिसले, ते ढिगाऱ्यातून सारलेल्या सहा इंची पाइपातून पाठवलेल्या एंडोस्कोपिक कॅमेऱ्याने. काम एवढ्याने भागत असेल, तर काठीवरचा कॅमेरा वापरावा.

रोबोट बाहेर आल्यावर तो तिथेच, तोंडापासून दूर, निर्जंतुक द्रावणाने धुवावा, सील आणि केबलवरचे ओरखडे पाहावेत, आणि नोंद त्याच दिवशी पुरी करावी: कोणत्या मीटरवर वळण, कुठे गाळ किती उंच, कुठे वायूचा आकडा चढला, परतताना ओढ कुठे वाढली, किती बॅटरी उरली. ही नोंद त्या वाहिनीची जबाबदारी असलेल्या कार्यालयालाही द्यावी. पावसाळ्यानंतर गाळ जागा बदलतो, आणि त्या वेळी आत जाणाऱ्या चमूला कुठून मागे फिरायचे, हे त्याच आकड्यांवरून ठरवता येते.